ओटो वाइड्ट आणि अंध कामगारांचा ब्रश-कारखाना (बर्लिन)

स्नेहा_बर्लिन

हिटलरच्या राजवटीत आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या कारखानदाराचं नाव सिनेमामुळे घरोघरी पोचलं. त्याच काळात बर्लिनमध्ये, फार लहान प्रमाणावर, आणखी एका कारखानदाराने आपल्या ज्यू कामगारांसाठी जिवाचं रान केलं. त्याच्याबद्दल मराठीत माझ्या वाचनात काही आलं नाही, म्हणून हा धागा. लांबला आहे, सवडीने वाचा.

ओटो वाइड्ट यांचा जन्म २ मे १८८३ चा, उत्तर जर्मनीतल्या रोस्टॉक शहरातला. घरची परिस्थिती बेताची. भिंतींना कागद लावायचा वडिलांचा धंदा तेही शिकले आणि पुढे बर्लिनला आले. तरुणपणी त्यांची ऊठबस अराज्यवादी आणि युद्धविरोधी मंडळींत असे. मग दृष्टी अधू होत गेली, जवळजवळ गेलीच. जुना धंदा सुटला. तेव्हा जर्मनीत अंध माणसाला जे काम शिकवत तेच त्यांनी शिकून घेतलं, झाडू आणि ब्रश बांधायचं. १९३६ मध्ये क्रॉइट्सबेर्ग भागातल्या एका तळघरात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९४० मध्ये तो रोझेनथालर रस्त्यावर ३९ क्रमांकाच्या इमारतीत, मागच्या अंगणातल्या बाजूच्या भागात हलवला.

इथे कामाला कोण होतं, तर १९४१ ते ४३ या काळात तीसेक ज्यू. बहुतेक अंध किंवा अगदी अधू दृष्टीचे, काही कर्णबधिर. ज्या राजवटीने १९३३ सालीच आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपण असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला होता, तिच्या लेखी हे लोक दोन्हीकडून नकोसे होते. ज्यू म्हणून, आणि अपंग म्हणूनही.

तरी कारखाना चालला, कारण वाइड्ट यांनी तो 'युद्धासाठी महत्त्वाचा' म्हणून नोंदवून घेतला होता. सैन्याला ब्रश लागतातच. बंदुका साफ करायला, बूट घासायला, बराकी झाडायला. सैन्याची ऑर्डर हातात असली की घोड्याचे केस, लाकूड, तार असा कच्चा माल मिळायचा. मात्र सगळा माल सैन्याकडे जात नसे. टंचाईच्या त्या दिवसांत चांगला ब्रश दुकानात मिळत नव्हता, त्यामुळे काळ्या बाजारात त्याच्या बदल्यात काहीही मिळे. या ब्रशांच्या जोरावर वाइड्ट कोन्याक, सेंट, चांगलंचुंगलं खाणं मिळवत आणि ते गेस्टापोच्या (म्हणजे गुप्त पोलिसांच्या) आणि ज्यूंसाठीच्या रोजगार कार्यालयाच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाई. कामगारांच्या पोटाची सोयही त्यातूनच व्हायची, कारण ज्यूंच्या रेशनकार्डावर जवळपास काही मिळतच नव्हतं.

इंगे डॉइचक्रोन या तिथल्या कार्यालयात काम करत, तेव्हा वय १९. आधी त्या आय. जी. फार्बेन या बड्या रसायन कंपनीच्या कृत्रिम रेशमाच्या गिरणीत सक्तीच्या मजुरीला होत्या. ज्यूंना कार्यालयीन काम करायला मनाई होती, म्हणून तपासणीला कुणी आलं की इशाऱ्याची घंटी वाजायची आणि त्या लपायच्या. गेस्टापोची माणसं येत तेव्हा वाइड्ट त्यांना कारखान्यातून फिरवत, कामगारांवर ओरडत, आणि आपण किती कडक मालक आहोत याचं नाटक वठवत. पाहुणे गेले की पुन्हा तेच 'पापा वाइड्ट'. कामगार त्यांना याच नावाने हाक मारायचे.

१९४२ मध्ये गेस्टापोने त्यांच्या अंध कामगारांना उचलून ग्रोसे हाम्बुर्गर रस्त्यावरच्या जमा-छावणीत नेलं. तिथून लोकांना पूर्वेकडच्या छावण्यांना जाणाऱ्या गाड्यांत भरत. वाइड्ट काठी घेऊन स्वतः तिथे गेले. या लोकांशिवाय सैन्याची ऑर्डर पुरी होणार नाही असं ठासून सांगितलं, जे चारायचं ते चारलं, आणि माणसं सोडवली. मग छातीवर पिवळा तारा लावलेले ते अंध कामगार एकमेकांना धरून, जवळजवळ अंध असलेल्या आपल्या मालकामागून भर रस्त्याने कारखान्यात परतले. इंगे यांनी हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगितला.

पण ही युक्ती कायम चालली नाही. २७ फेब्रुवारी १९४३ ला बर्लिनमधल्या कारखान्यांत कामाला असलेल्या ज्यूंची एकाच वेळी धरपकड सुरू झाली. त्या आणि आसपासच्या आठवड्यांत वाइड्ट यांचे बहुतेक कामगार पकडून नेले. तिथून पुढे परवानग्या, शिक्के, ऑर्डरी यांचा उपयोग संपला. उरला तो लोकांना लपवण्याचा मार्ग. कारखान्याच्या अगदी शेवटच्या, खिडकी नसलेल्या खोलीत त्यांनी हॉर्न कुटुंबाला ठेवलं : खाइम, त्यांची पत्नी माखला, मुलं माक्स आणि रूथ. दारापुढे कपड्यांचं कपाट उभं केलं. कपाट उघडून कपडे बाजूला सारले की आत जाता यायचं. आणखी काही जणांसाठी शहरात दुसरीकडे गोदामाची जागा घेतली होती, तिथे ॲलिस लिख्ट आणि तिचे आईवडील होते. ॲलिस त्यांची सचिव.

ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोच्या एका खबऱ्याने या जागा दाखवून दिल्या. तो खबऱ्या स्वतः ज्यू होता. हॉर्न कुटुंब पकडलं गेलं. लिख्ट कुटुंबाला टेरेझिनच्या छावणीत पाठवलं, म्हणजे जर्मनीत ज्याला थेरेझियनश्टाट म्हणतात तिथे. वाइड्ट तिथे खाण्याची पार्सलं पाठवत राहिले, दीडशेहून अधिक. मे १९४४ मध्ये लिख्ट मंडळींना आउशवित्झच्या मृत्युछावणीत हलवलं. धावत्या गाडीतून ॲलिसने वाइड्ट यांच्या नावाचं एक कार्ड बाहेर टाकलं. कुणीतरी ते उचललं, पोस्टात टाकलं, आणि ते त्यांना मिळालं.

मग हा साठी ओलांडलेला, जवळजवळ अंध माणूस ब्रशविक्रीचं निमित्त काढून आउशवित्झला गेला. तिथे कळलं की ॲलिसला क्रिस्टियानश्टाटच्या उपछावणीत नेलंय. तेही गाठलं. छावणीत कामाला येणाऱ्या एका पोलिश माणसामार्फत तिला निरोप दिला, जवळच एक खोली घेऊन तिथे कपडे, औषधं आणि पैसे ठेवले. जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य जवळ आल्यावर छावणी हलवायला लागले, त्या गडबडीत ॲलिस निसटली, बर्लिनला पोचली आणि शेवटपर्यंत वाइड्ट यांच्या घरी लपून राहिली. तिचे आईवडील परतले नाहीत.

युद्ध संपल्यावर वाइड्ट यांनी छावण्यांतून परतलेल्या ज्यू मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी निवारा उभारायला हात घातला. २२ डिसेंबर १९४७ ला हृदय बंद पडून ते गेले. १९७१ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या होलोकॉस्ट (ज्यूंचा संहार) स्मारक-संस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील सत्शील' हा ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूतरांसाठीचा सन्मान दिला.

बोला आता.

---

निशिगंध

एका दमात वाचलं. त्या कार्डापाशी थांबले. ज्याने कुणी ते रुळाशेजारून उचलून पोस्टात टाकलं, त्याचं नाव कधीच कळणार नाही.

---

जुना_कारखानदार

स्नेहाताई, उत्तम लेख. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात उभं आयुष्य लहान कारखाना चालवला, सुटे भाग पुरवायचो. त्या अनुभवातून एक सांगतो, तुमच्या लेखात ते आलंय पण वाचताना पटकन निसटतं.

लहान कारखान्यात मालकाला सगळ्यांत कठीण असतं ते कच्चा माल, ऑर्डर आणि मस्टर यांचा मेळ बसवणं. आलेल्या मालात किती नग व्हायला हवेत याचा हिशेब तपासनीस करू शकतो. त्यातले काही बाजूला काढून विकायचे, तरी कागद जुळले पाहिजेत. तीस माणसांचं काम आहे असं दाखवायचं, आणि त्यातल्या कुणाला दोन-दोन महिने कामच जमत नाही, कारण तो आजारी आहे किंवा भीतीने खचलाय. तेही आकड्यांत कुठे दिसू द्यायचं नाही. शांततेच्या काळातसुद्धा हे करताना माणसाची झोप उडते. इथे एक बेरीज चुकली तर तीस जण गाडीत.

लोक अशा माणसांच्या धाडसाबद्दल बोलतात. ते आहेच. पण मला ही माणसं धंद्यात अतिशय हुशार असणार असं वाटतं. कुठला अधिकारी कशाने वश होतो, कुणाला किती द्यायचं, कुणाला दिलं तर उलट अंगाशी येईल, हे धंदेवाल्यालाच कळतं. पांढरपेशा सज्जन माणूस तिथे पहिल्या आठवड्यात पकडला गेला असता.

---

इतिहासाचा_विद्यार्थी

काकांशी सहमत. थोडी भर घालतो, म्हणजे चित्र पुरं होईल.

त्या काळात मालक 'ज्यू कामगार ठेवतो' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी अगदी उलटा होता. आय. जी. फार्बेनने आउशवित्झजवळ मोनोवित्झला कृत्रिम रबराचा प्रचंड कारखाना उभारला. कैद्यामागे दिवसाला अकुशल असेल तर ३ मार्क आणि कुशल असेल तर ४ मार्क कंपनी छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेला मोजत असे. कैद्याला छदाम नाही. माणूस थकला की त्याला परत धाडून दुसरा मागवायचा. तेव्हा 'हे लोक कामाचे आहेत, मला हवेत' हे वाक्य दोघेही म्हणत होते, वाइड्टही आणि फार्बेनचे व्यवस्थापकही. कागद तोच, शिक्काही तोच. फरक एवढाच की कामाचा उरलेला नाही अशा माणसाचं मालक काय करतो.

या कसोटीवर बेर्टहोल्ड बाइट्झ यांचं उदाहरण बघा. आज युक्रेनमध्ये असलेल्या बोरिस्लाव इथे ते तेल कंपनीचे अधिकारी होते, वय तिशीच्या आत. ऑगस्ट १९४२ मध्ये बेल्झेकच्या मृत्युछावणीकडे निघालेल्या गाडीतून त्यांनी २५० जणांना 'आमचे तंत्रज्ञ' म्हणून उतरवून घेतलं. पुढे त्यांनी स्वतः सांगितलं की खरे कुशल कामगार निवडायचे सोडून आपण शिंपी, न्हावी आणि धर्मग्रंथांचे पंडित निवडले, आणि सगळ्यांना पेट्रोलियम तंत्रज्ञाची कार्डं दिली. तेलविहिरीवर तालमूदचा पंडित काय करणार! पण कार्ड होतं.

युद्धानंतर हेच बाइट्झ क्रुप या पोलाद उद्योगाचे प्रमुख झाले. क्रुपने युद्धात छावण्यांतल्या ज्यू कैद्यांना राबवलं होतं. त्यांना भरपाई द्यायचा करार क्रुपने १९५९ मध्ये केला तो बाइट्झ यांच्याच कारकिर्दीत. ते २०१३ पर्यंत जगले, शंभरीला काही आठवडे कमी असताना गेले.

---

वकील_मावशी

सगळ्यांच्या भावना समजतात, तरी माझ्या मनातला प्रश्न मांडते. कुणी राग मानू नये.

वाइड्ट यांचे बहुतेक कामगार वाचले नाहीत. हॉर्न कुटुंब पकडलं गेलं, लिख्ट आईवडील गेले. 'कामाचा माणूस' ठरवून वाचवण्याच्या या मार्गात एक मूळचा दोष आहे. तुम्ही राजवटीचा नियम मान्य करता की उपयोगी माणसालाच जगायचा हक्क आहे. आणि मग ज्याला उपयोगी ठरवता येत नाही त्याला, लहान मुलाला, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला, तुमच्या यादीत जागा नाही. वाइड्ट चांगले होते याबद्दल शंका नाही. पण अशा कथा आपण 'वाचवलं' या शब्दात सांगतो, तेव्हा न वाचलेल्यांकडे पाठ फिरत नाही का?

---

श्रवणयात्री

मी स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. जन्मापासून अंध आहे, पुण्यात असतो. वकील मावशींच्या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण तो आमच्याच संदर्भातला आहे.

अंध माणसाला 'कामाचा' ठरवायला आजही कागद लागतात. शाळा संपल्यावर मला वेताच्या खुर्च्या विणायला शिकवलं. आमच्या पिढीतल्या खूप जणांना खुर्च्या, मेणबत्त्या, खडू हेच शिकवलं गेलं. ब्रशाचं काम जवळपास तसंच. लाकडी पाटीला भोकं पाडलेली असतात, केसांचा सारख्या जाडीचा पुंजका बोटांनी मोजून घ्यायचा, तारेने ओढून भोकात घट्ट बसवायचा, मग पुढचं भोक. डोळ्यांची गरजच नाही, बोटं सांगतात पुंजका भरला की नाही. चांगला कारागीर डोळस माणसापेक्षा हळू नसतो. म्हणून वाइड्ट यांनी अधिकाऱ्यांना 'या लोकांशिवाय माल होणार नाही' असं सांगितलं ते खोटं नव्हतं. ते लोक खरंच चांगला माल काढत होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते दयेवर तिथे बसलेले नव्हते.

मावशी, तुम्ही म्हणता राजवटीचा नियम मान्य केला. मला उलटं वाटतं. राजवटीच्या नियमात अंध ज्यूला 'उपयोगी' हा शब्द लागूच पडत नव्हता. वाइड्ट यांनी तो शब्द त्यांना लावला आणि त्यावर सरकारी शिक्का उमटवून घेतला. स्वतः अंध असल्याशिवाय हे सुचलं असतं असं मला वाटत नाही. आपल्या हाताला काय येतं हे त्यांना माहीत होतं.

आणि त्या रस्त्यावरून परत येण्याच्या प्रसंगाबद्दल. डोळस लोकांना तो बघावासा वाटत असेल. मी मात्र एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गर्दीतून चाललोय. पुढचा माणूस चुकला तर मागचे सगळे चुकतात. पुढचा माणूसच नीट बघू शकत नव्हता, आणि तरी ते त्याच्या मागून गेले.

---

वकील_मावशी

श्रवणयात्री, तुमचं म्हणणं पटलं, विशेषतः माल खरा होता हा मुद्दा. माझा आक्षेप वाइड्ट यांच्यावर नव्हता, आपण ही कथा कशी सांगतो त्यावर होता. मुलांबद्दलचा प्रश्न मात्र माझ्या मनात आहेच.

---

स्नेहा_बर्लिन

मावशी, तुमचा प्रश्न मला योग्य वाटतो, म्हणून टाळत नाही. हॉर्न कुटुंबातली मुलं कामगार नव्हती. ॲलिसची आईही नव्हती. फेब्रुवारी १९४३ नंतर वाइड्ट यांनी ज्यांना लपवलं त्यांच्याकडून कारखान्याला काही मिळणार नव्हतं, उलट प्रत्येक लपलेल्या तोंडासाठी काळ्या बाजारातून अन्न आणायचं होतं. ज्या दिवशी 'कामाचे आहेत' हे कारण संपलं, त्या दिवशी त्यांनी काम सोडून माणसं धरली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा टप्पा तोच, आणि तो यशस्वी झाला नाही हे खरं आहे.

आकडे द्यायचे तर बर्लिनमध्ये साधारण ७ हजार ज्यू लपून राहायचा प्रयत्न करत होते, त्यातले सुमारे १७०० युद्धाच्या शेवटापर्यंत टिकले. एकेक माणूस टिकवायला अनेक घरं लागली. आज या दाराआड, उद्या त्या.

---

मुक्ता_सं

लेखात एक नाव राहिलं आहे, ते मी आणते : हेडविग पोर्श्युट्झ. वाइड्ट यांच्या सगळ्यांत जवळच्या मदतनिसांपैकी. काळ्या बाजारातली बरीचशी उलाढाल तीच सांभाळायची. शिवाय आलेक्झांडर चौकाजवळच्या आपल्या छोट्याशा घरात तिने ज्यू स्त्रियांना लपवलं, त्यांत दोन जुळ्या बहिणी होत्या, एक अंध. पैशांसाठी ती काही काळ वेश्याव्यवसायही करत होती. १९४४ मध्ये काळ्या बाजाराच्या गुन्ह्यात तिला पकडलं आणि शिक्षा झाली.

युद्धानंतर, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, पश्चिम बर्लिनच्या सरकारने ज्यूंना मदत करणाऱ्या सामान्य नागरिकांचा सत्कार सुरू केला. हेडविगचा अर्ज नाकारला. कारण तिची जुनी शिक्षा आणि तिची 'राहणी'. म्हणजे ज्या काळ्या बाजाराने माणसांना खाऊ घातलं, त्याचाच डाग तिच्यावर राहिला. ती १९७७ मध्ये गरिबीत गेली. याद वाशेमने तिचा सन्मान केला तो त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने.

मालकाचं नाव पाटीवर येतं. ब्रशाच्या बदल्यात लोणी मिळवायला रात्री-अपरात्री हिंडणाऱ्या बाईचं नाव यायला इतकी वर्षं लागली, याचा मला मनापासून राग येतो.

---

स्नेहा_बर्लिन

मुक्ता, मनापासून आभार. तिचं नाव मूळ लेखात यायलाच हवं होतं. इंगे यांना जानेवारी १९४३ मध्ये भूमिगत व्हायचं ठरल्यावर दुसऱ्याच बाईच्या नावाची कागदपत्रं मिळाली, तीही वाइड्ट यांच्या याच वर्तुळातून. पोलिसांना नकोशा झालेल्या, समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांचं जाळं होतं ते. प्रतिष्ठित लोक त्यात फार थोडे.

इंगे आणि त्यांची आई दोघी वाचल्या. इंगे पुढे पत्रकार झाल्या, इस्रायलमध्ये राहिल्या, आणि कारखान्याची ही जागा संग्रहालय म्हणून टिकावी यासाठी शेवटपर्यंत झटल्या. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी बर्लिनमध्ये गेल्या. शाळाशाळांत जाऊन त्या मुलांशी बोलत. या कारखान्याबद्दल जे आज माहीत आहे त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

---

रेवदंडा_ते_लोद

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझे आजोबा रेवदंड्याचे, साठच्या दशकात कुटुंब इकडे इस्रायलला आलं. आमच्या घरी अजून मराठी चालते, म्हणून मी इथे नुसती वाचत असते. आज लिहावंसं वाटलं.

कोकणात आमच्या लोकांना ज्यू म्हणून कधी कुणी त्रास दिला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे, एवढंच. त्यामुळे इथे आल्यावर शाळेत होलोकॉस्टबद्दल शिकताना आमच्या घरच्या मोठ्यांना फार अवघड जायचं. शेजारी ज्या घरांत हातावर छावणीतला नंबर गोंदलेल्या आजी होत्या, त्यांच्यापुढे आपण काय बोलायचं? माझी आजी काही बोलायची नाही, सणाला पुरणपोळ्या करून त्यांच्याकडे पाठवायची.

याद वाशेम टेकडीवर आहे. ज्यांचा सन्मान झाला त्यांच्या नावाने तिथे कॅरोबची झाडं लावत. आजवर जगभरातल्या २८ हजारांहून अधिक लोकांना हा सन्मान मिळालाय. तो देण्याआधी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती साक्षी तपासते : जीव धोक्यात घातला का, मोबदला मागितला का, वाचलेल्यांचं म्हणणं काय. वाइड्ट यांना १९७१ मध्ये सन्मान मिळाला तेव्हा समितीचे अध्यक्ष होते मोशे बेइस्की. ते स्वतः शिंडलरच्या यादीतले कामगार. कारखानदाराने वाचवलेला माणूस दुसऱ्या कारखानदाराची फाईल तपासतोय.

वकील मावशी म्हणतात तसं, न वाचलेल्यांची नावंही याद वाशेममध्ये जमवतात. प्रत्येकासाठी एक पान, नातेवाइकांनी किंवा ओळखीच्यांनी भरून दिलेलं. दोन्ही कामं एकाच टेकडीवर चालतात.

---

जुना_कारखानदार

ताई, तुमची मराठी ऐकून बरं वाटलं. असंच लिहीत जा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक विचारायचं होतं. शिंडलर आणि वाइड्ट सोडले तर असे अजून किती जण होते? की अगदी बोटांवर मोजण्याइतके?

---

इतिहासाचा_विद्यार्थी

काका, जर्मन उद्योगाचा पसारा बघता फारच थोडे. पण आहेत. क्राकोमध्ये शिंडलरच्याच शेजारी यूलियुस माड्रिच नावाच्या व्हिएन्नाच्या माणसाचा गणवेश शिवायचा कारखाना होता. शिवणकाम न येणाऱ्यांनाही तो कामावर घ्यायचा, त्यांना बऱ्यापैकी खाऊ घालायचा. त्याचा व्यवस्थापक राइमुंड टिच याने प्लाशोव छावणीचे गुपचूप फोटो काढले, ते आज पुरावा म्हणून वापरले जातात.

दुसरा हेर्मान ग्रेबे. हा मालक नव्हे, एका बांधकाम कंपनीचा युक्रेनमधला व्यवस्थापक. रेल्वेच्या कामाच्या नावाखाली त्याने ज्यू मजूर गोळा केले आणि सांभाळले. ऑक्टोबर १९४२ मध्ये दुब्नो इथली सामूहिक कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली आणि नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यासाठी तिची साक्ष दिली. ती साक्ष वाचणं सहन होत नाही. त्यानंतर त्याच्याच देशात लोक त्याच्यावर उलटले. १९४८ मध्ये कुटुंबासह तो अमेरिकेला गेला आणि तिथेच वारला.

शिंडलरचं युद्धानंतर धंद्यात काही जमलं नाही, त्याने वाचवलेले लोकच त्याला पैसे पाठवायचे. वाइड्ट अडीच-तीन वर्षांत गेले. ही माणसं युद्धानंतर बहुधा गरिबीत किंवा एकटी पडली. त्याच वेळी कैद्यांवर गबर झालेल्या कंपन्यांचे अधिकारी शिक्षा संपवून पुन्हा संचालक मंडळांवर आले. मोनोवित्झच्या प्रकरणात शिक्षा झालेले काही जण पन्नासच्या दशकात मोठमोठ्या पदांवर होते. हे मला अजून पचत नाही.

---

निशिगंध

वाइड्ट यांच्या बायकोचं काय? कुठेच उल्लेख नाही.

---

स्नेहा_बर्लिन

एल्सं वाइड्ट. ॲलिस लपून राहिली ते घर त्यांचंच. एका छपराखाली फरारी मुलगी, आणि आपला नवरा तिच्यासाठी आउशवित्झपर्यंत जाऊन आलेला. त्याची किंमत त्यांना काय पडली असेल याची कल्पना आपण करायची. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनीच चालवला. इमारत पूर्व बर्लिनमध्ये आली होती, १९५२ मध्ये तिथल्या प्रशासनाने कारखाना बंद केला.

नंतर जागा तशीच पडून राहिली, त्यामुळेच वाचली. १९९९ मध्ये विद्यार्थ्यांनी तिथे पहिलं प्रदर्शन मांडलं आणि २००६ पासून कायमचं संग्रहालय आहे.

---

श्रवणयात्री

स्नेहाताई, पुढच्या वर्षी भावाकडे फ्रँकफर्टला येणार आहे. बर्लिनला आलो तर तिथे जाता येईल का? मोठं आहे का? तिकीट वगैरे?

---

स्नेहा_बर्लिन

नक्की या. प्रवेश मोफत आहे. जागा लहान, मोजक्या खोल्या, सगळ्यांत शेवटची ती हॉर्न कुटुंबाची. एस-बानने (लोकल गाडीने) हाकेशर मार्क्ट स्टेशनला उतरायचं, तिथून चालत पाच मिनिटं. रोझेनथालर रस्ता ३९, कमानीतून आत, अंगणात डावीकडे, जिना आहे. यायच्या आधी इथे व्यक्तिगत निरोप करा, मी स्टेशनवर येते. इमारतीतल्या फरशा आणि जिने जुने आहेत, तुमच्या काठीला त्रास होईल अशा दोन-तीन जागा आहेत, त्या आधीच सांगून ठेवेन. संग्रहालयातल्या लोकांशीही बोलून ठेवते, ब्रशाचे नमुने हातात घ्यायला मिळतात का ते विचारते.